बार्शीच्या पावत्या, फुलाबाईचे डबे

चन्नवीर कोनापुरे हळू बोलायचा तेव्हा ते चार घरं पलीकडे ऐकू जायचं. त्याच्या कानांचा दोष नव्हता. तीस वर्षं पत्र्यावर मोगरी हाणत बोलायची सवय; मोगरी थांबली तरी आवाज खाली यायचा नाही. त्याची बायको मायाक्का म्हणायची, "ह्यांनी माझ्या कानात काय सांगितलं ते मला आधी शेजारची सांगते." त्यामुळे चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर चन्नवीरने जे केलं, ते सोलापूरच्या बाळी वेशीजवळच्या त्या गल्लीत कुणाला कळलं नाही असं झालं नाही. सगळं कळलं. फक्त त्याच्या मनात काय चाललं होतं ते जरा उशिरा कळलं, कारण तेवढं एक तो ओरडून बोलला नव्हता.

चन्नवीर ट्रंका करायचा. कोऱ्या पत्र्याच्या ट्रंका करणारे नव्या पेठेत पुष्कळ होते. चन्नवीरचं काम जुन्या पत्र्याचं. तेलाचे, वनस्पती तुपाचे रिकामे डबे कापायचे, ठोकून सपाट करायचे, कडा दुमडून जोडायच्या, वरून हिरवा रंग, झाकणावर दोन गुलाब, पुढे कडी-कोयंडा. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र तो रंग लावायचा नाही. रंग महाग. त्यामुळे ट्रंक उघडली की आत तेलवाल्याचा मोर नाहीतर हत्ती दिसायचा. खेड्यापाड्यातल्या नवऱ्यामुलींना ते फार आवडायचं. "मोराची द्या, हत्तीची नको," असं म्हणून रुसून बसलेल्या मुली त्या दुकानाने पाहिल्या आहेत, आणि "अगं, साडी मोराला नेसवायची आहे का तुला?" असं विचारणारे त्यांचे बापही.

हे मोर आणि हत्ती यायचे फुलाबाईच्या डोक्यावरून.

फुलाबाई मूळची केम गावची. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेल्यावर ती सोलापुरात आली आणि स्टेशनामागच्या वस्तीत राहिली. भजीवाले, खानावळी, लग्नघरं, मिठाईवाले अशी तिची फिरती. रिकामे डबे विकत घ्यायची, भुशाने पुसून लख्ख करायची, दोरीत ओवून डोक्यावर रचायची आणि गल्लीत शिरायची. ती दिसायच्या आधी तिचे डबे ऐकू यायचे. डबा ठेवला की चन्नवीर दुकानाच्या चौकटीवर कोळशाने एक रेघ ओढायचा. दर गुरुवारी रेघा मोजायच्या, पैसे द्यायचे, ओल्या फडक्याने चौकट पुसायची. चौदा वर्षं हाच त्यांचा करार, हीच चोपडी. फुलाबाईला अक्षर येत नव्हतं आणि चन्नवीरला येत होतं ते न आल्यासारखंच होतं.

आता इतक्या सरळ माणसाच्या डोक्यात पावती कुठून शिरली? तर मेहुण्यामुळे.

मायाक्काचा भाऊ शिवप्पा. टिळक चौकात खिळे, बिजागऱ्या, कुलपं विकायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने चुकून विक्रीकर जास्त भरला होता आणि सरकारने त्याला तो परत केला होता. परत मिळाले एकशे अठ्ठावीस रुपये. पैसे एका आठवड्यात संपले, पण तो कागद शिवप्पाने काचेच्या चौकटीत घालून गल्ल्याच्या वर टांगला, बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी. बारसं असो, तेरावं असो, शिवप्पा कुठेही बसला की पाचव्या मिनिटाला म्हणायचा, "सरकारला सगळे देतात हो. सरकारनं कुणाला दिलं ते सांगा." आणि मग चन्नवीरकडे बघायचा.

चन्नवीर घरी येऊन तोंड धुवायचा तेव्हा तांब्या आपटायचा.

दर रविवारी त्याच्या दुकानात कमलाकरपंत यायचे. सायकलीला पिशवी, पिशवीत अकरा दुकानांच्या वह्या. चन्नवीरच्या ट्रंकांवर विक्रीकर बसायचा, त्याचा हिशेब तेच लिहायचे. एका रविवारी चन्नवीरने त्यांना विचारलंच.

"पंत, शिवप्पाला सरकार पैसे देतं, मला का देत नाही?"

"तुम्ही मागितले कुठं?"

"मागितले की देतं?"

पंतांनी चष्मा पुसला. पंत चष्मा पुसायला लागले की पुढचं वाक्य फुकट नसतं, हे अकराही दुकानदारांना ठाऊक होतं. "हे बघा. धंद्याला लागणारा माल तुम्ही विकत घेता. जुना असला तरी चालतो. विकणारा नोंदणीवाला व्यापारी असला, त्यानं पक्क्या पावतीवर कर लावून घेतला असला, तर तो तुम्ही आधीच भरला, असं सरकार धरतं. तुमच्या करातून तेवढा वजा होतो. जास्त भरला गेला असेल तर परत मिळतो."

"मग वर्षाला मी हजारोंनी डबे घेतो की."

"फुलाबाईकडून. फुलाबाई पावती देते का?"

"फुलाबाई शिव्या देते."

"त्याच्यावर वजावट नाही," पंत म्हणाले. बाहेरून बैलगाडी गेली. मग ते वहीकडे बघतच म्हणाले, "बार्शीला हिंदुराव म्हणून एक आहेत. जुन्या डब्यांचे नोंदणीवाले व्यापारी. ते पावती देतात."

"आणि डबे?"

"डबे तुमच्याकडे आहेतच की."

मायाक्का आत भाकरी थापत होती. तिचा थापण्याचा आवाज बंद झाला. पण ती बाहेर आली नाही. नंतर ती म्हणायची, "तेव्हाच परात घेऊन बाहेर यायला पाहिजे होतं, अन् दोघांच्या डोक्यात एकेक."

चन्नवीर एसटीने बार्शीला गेला. हिंदुरावांनी चहा पाजला, नऊ पावत्या फाडल्या, शेकडा तीन आपले घेतले. वेगवेगळ्या तारखांना शाईत फरक हवा म्हणून दोन पेनं वापरली. मोठा कसबी माणूस. चन्नवीर परत आला तो छाती काढून. पंतांनी अर्ज लिहिला. तीनशे बारा रुपये मागितले, शिवप्पाच्या जवळजवळ अडीचपट. आणि चन्नवीरने त्याच आठवड्यात चौकट करून आणली. काच, मागे पुठ्ठा, वर टांगायला कडी. कागद यायचा होता, पण चौकट सिद्धेश्वराच्या तसबिरीशेजारी लागली. गल्लीतले लोक चहाला म्हणून यायचे आणि रिकामी चौकट बघून जायचे.

"काय बे चन्नवीर, यात काय आहे?"

"सरकार येणार आहे यात," तो म्हणायचा.

सरकार आलं, पण आधी दुसऱ्याच वाटेने. जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठून आठ दिवस झाले होते. पंत रविवार नसताना आले, सायकल भिंतीला लावायच्या ऐवजी पाडली, आणि म्हणाले, "उद्या निरीक्षक येणार आहेत. माल बघायला. घाबरू नका. माल बार्शीहून येतो एवढंच सांगायचं. आणि ते," त्यांनी चौकटीवरच्या कोळशाच्या रेघांकडे बोट केलं, "ते आधी पुसा."

बुधवार होता. बेचाळीस रेघा होत्या. फुलाबाईचे चौऱ्याऐंशी रुपये. चन्नवीरने फडकं भिजवलं. गुरुवारच्या आधी त्याने ती चौकट कधी पुसली नव्हती. त्याने आकडा मनात दोनदा म्हटला, बेचाळीस, बेचाळीस, आणि पुसलं. विसरायचा प्रश्नच नव्हता. तरी पुसताना त्याला वाटलं की आपण कुणाच्या तरी कपाळावरचं काही पुसतो आहोत. त्याने फडकं बादलीत टाकलं आणि उगाच मोगरी उचलली.

निरीक्षकांचं नाव मानसिंग. तरुण, सडपातळ, बोलणं मऊ. त्यांनी चहा नको म्हटलं, इथेच चन्नवीरचे अर्धे प्राण गेले. कारण चहा न घेणाऱ्या साहेबाशी काय बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते स्टुलावर बसले, नऊ पावत्या मांडीवर पसरल्या, ढिगातला एक डबा उचलून बघितला.

"सगळा माल बार्शीहून?"

"सगळा, साहेब."

"इतका लांबून? सोलापुरात रिकामे डबे मिळत नाहीत?"

"मिळतात, पण..." चन्नवीर अडखळला. "बार्शीचा डबा मजबूत असतो."

मानसिंगांनी मान हलवली. हसले नाहीत. पंत कोपऱ्यात वही चाळत उभे होते आणि वहीतला प्रत्येक आकडा नव्याने भेटल्यासारखा वाचत होते.

आणि तेवढ्यात पायरीशी फुलाबाई येऊन उभी राहिली.

गुरुवार होता. ती रिकाम्या हाती आली होती, पैशाच्या दिवशी ती डबे आणायची नाही. गिऱ्हाईक बसलं असलं तर ती आत यायची नाही, पायरीशी थांबायची. ही तिचीच रीत. डोक्यावरची चुंबळ काढून तिने हातात धरली आणि खांबाला टेकून उभी राहिली, निवांत, घरच्यासारखी. लुगड्याला तेलाचे डाग, पायाला धूळ. तिने रेघांच्या, दाराच्या चौकटीकडे बघितलं. चौकट कोरी होती. तिने चन्नवीरकडे बघितलं.

मानसिंगांनी पण बघितलं. "ही कोण?"

साधा प्रश्न होता. माणूस कुठल्याही दुकानात बसला आणि कुणी येऊन उभं राहिलं तर विचारतो, तसा. चन्नवीरने "शेजारची आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. "माझ्या बायकोकडे आली आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माणसाला खोटं बोलायची सवय नसली की तो नको तेवढं मोठं खोटं बोलतो.

"कोण नाही, साहेब," चन्नवीर म्हणाला. आणि त्याचा तो आवाज, जो कधी खाली यायचा नाही, तोच आवाज. "मागायला येते. भिकारीण आहे."

आत मायाक्काच्या हातून काहीतरी पडलं.

फुलाबाईने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा मांडीवरच्या कागदांकडे, एकदा कोपऱ्यातल्या पंतांकडे. तिला वाचता येत नव्हतं, पण चौदा वर्षं नाक्यानाक्यावर डबे घेऊन फिरलेल्या बाईला सरकारी माणूस ओळखायला अक्षर लागत नाही. तिने चुंबळ काखेत धरली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आणि उजवा हात पुढे केला.

"द्या मालक," ती म्हणाली. "गरिबाला कायतरी द्या."

चन्नवीरने गल्ला उघडला. त्यात चौऱ्याऐंशी रुपये वेगळे बांधून ठेवलेले होते, तिच्याच नावाचे. त्याने त्यांच्याखाली हात घालून दहा पैशांचं नाणं काढलं. भिकाऱ्याला देतात तसं वरून टाकलं. ते तिच्या तळहातावर पडलं. तिने मूठ मिटली, कपाळाला लावली, आणि पायरीवरून निघून गेली. डबे नसल्यामुळे तिचा काही आवाज आला नाही.

"बरं," मानसिंग म्हणाले. त्यांनी पावत्या पंतांना परत केल्या. "ठीक दिसतंय. मी तसं कळवतो. पंधरा दिवसांत हुकूम निघेल."

साहेब गेल्यावर पंतांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "वा, चन्नवीरअण्णा. काय सुचलं तुम्हाला. मला सुचलं नसतं."

ती शाबासकी चन्नवीरच्या कानात शिसं ओतल्यासारखी गेली.

मायाक्का बाहेर आली. तिने पंतांकडे बघितलं नाही. नवऱ्याला म्हणाली, "यप्पा, तिनं माझ्या बाळंतपणात घरातलं पाणी भरलंय. तीन महिने. चुलीपाशी बसून माझ्या हातची आंबील प्यालीय ती." आणि आत गेली. त्या दिवशी तिने वाढलं, पण जेवताना समोर बसली नाही.

फुलाबाई शुक्रवारी आली नाही. शनिवारीही नाही. गल्लीत दोन दिवस डब्यांचा आवाज नाही म्हटल्यावर लोकांनी चौकशी सुरू केली, आणि चन्नवीरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना चौकशी कशी करायची ते शिकवावं लागत नाही. "फुलाबाई आजारी का हो?" "माहीत नाही." "तुमच्याकडंच येते ना ती?" या प्रश्नावर चन्नवीरने मोगरी इतकी जोरात हाणली की अख्खा मोर चेपला.

रविवारी सकाळी तो चौऱ्याऐंशी रुपये घेऊन स्टेशनामागच्या वस्तीत गेला. आयुष्यात पहिल्यांदा. चौदा वर्षं ती त्याच्याकडे आली होती, तो कधी गेला नव्हता. कुठलं घर ते माहीत नव्हतं. नळावरच्या बाईला विचारलं, "फुलाबाई कुठं राहते?"

"कोन, डबेवाली व्हय? ती काय, डबं दिसत्यात ते."

फुलाबाई दारात बसून भुशाने डबा पुसत होती. त्याला पाहून उठली नाही. "या मालक," म्हणाली, आणि एक डबा पालथा घालून बसायला पुढे सरकवला. चन्नवीर त्याच्यावर बसला. त्याने पैसे काढले. तिने घेतले, ओच्यात खोवले.

"फुलाबाई, त्या दिवशी..."

"आसू द्या की."

"साहेब होते. कागदाची भानगड होती. माझ्या तोंडून..."

"मला काय कळत न्हाय व्हय? कागद बघितलं की मी. म्हनलं, मालकाच्या गळ्याला लागलंय कायतरी." ती डबा फिरवून पुसत राहिली. "म्हनून तर हात पुढं केला. नायतर साहेबाला खरं वाटलं नसतं."

चन्नवीरला वाटलं, झालं, मिटलं. मोठ्या मनाची बाई. त्याने उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवले.

"एक सांगू का?" फुलाबाई म्हणाली. डब्याकडेच बघत. "दुष्काळ पडला तवा कामं बंद झाली. हाटेलं बंद. डबा कुटं मिळंना. मी करमाळ्याकडं खडी फोडाया गेली. हातावर फोड आलं, फुटलं, पुन्यांदा आलं. तितं बाया म्हनायच्या, चल की देवळाम्होरं बसू, दोन घास मिळत्याल. मी गेली न्हाय." तिने डबा खाली ठेवला. "लई दिस राखल्याला हात व्हता मालक. तुमच्यापायी पसरला."

हे बोलताना ती चिडली नव्हती. चिडली असती तर चन्नवीरला काहीतरी बोलता आलं असतं. तो वस्तीतून बाहेर पडला आणि घराकडे यायच्या ऐवजी किल्ल्याच्या बाजूने उगाच वळसा घेत चालत राहिला. रस्त्यात तीन ओळखीचे भेटले, तिघांनी विचारलं, "काय, आला का हुकूम?" तिघांना त्याने "येईल" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण तो यायची वाट बघत नाही आहोत. तो येईल म्हणून घाबरलो आहोत. तो आला की चौकटीत लागणार. लागला की रोज सकाळी उदबत्ती ओवाळताना समोर दिसणार. आणि त्यात सरकारचा शिक्का नाही दिसणार. एक तळहात दिसणार.

सोमवारी तो एकटाच विक्रीकराच्या कचेरीत गेला. पंतांना सांगितलं नाही. हे फार बरं केलं, कारण पंतांनी त्याला पायात पाय घालून पाडलं असतं. मानसिंग टेबलाशी होते.

"साहेब, माझा अर्ज परत द्या."

"का?"

"ते डबे बार्शीचे नाहीत. पावत्या विकत घेतलेल्या आहेत. मी कुणाला कर दिला नाही. मला परत नको."

आजूबाजूच्या टेबलांवर चार कारकून होते. चारही लेखण्या थांबल्या. चन्नवीरने हळू बोलायचा प्रयत्न केला होता, पण तो त्याला कधी जमला आहे?

मानसिंगांनी समोरची फाईल मिटली. "दंड होईल."

"होऊ दे."

"आणि मग डबे कुणाचे? नुसतं बार्शीचे नाहीत म्हणून चालत नाही. माल आला कुठून ते दाखवावं लागेल. नाहीतर चोरीचा धरतील. विकणाऱ्याला आणा. जबाब घ्यावा लागेल."

चन्नवीरला हे सुचलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, आपण येऊ, आपलं आपण सांगू, आपला दंड आपण भरू, आणि ते कुणाला कळायच्या आत घरी जाऊ. आता तिच्याच दाराशी जाऊन म्हणायचं, की बाई, ज्याच्यासमोर मी तुला भिकारीण म्हटलं, त्याच्यासमोर चल, आणि मला वाचव.

तो गेला. कसा गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक. दारात उभा राहून एका दमात सगळं सांगितलं, आणि खाली बघत राहिला. फुलाबाईने हातातला भुसा झटकला. "थांबा, लुगडं बदलती," एवढंच म्हणाली. बाहेर आली ती धुतलेल्या जांभळ्या लुगड्यात, कपाळावरचं गोंदण दिसेल असा पदर मागे घेऊन. रस्ताभर ती चार पावलं मागे चालत होती. चन्नवीर थांबला की ती पण थांबायची. दोनदा असं झाल्यावर त्याने थांबणं सोडलं.

कचेरीत मानसिंगांनी तिला ओळखलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ही तर त्या दिवशीची..."

"व्हय साहेब," फुलाबाई झटकन म्हणाली. "मी डबं इकती. चवदा वर्सं ह्यांनाच इकती. त्या दिशी माजंच चुकलं. पैशे मागाया आली व्हती, कामात हायसा बघून मीच हात पसरला. ह्यांचा काय दोष न्हाय."

पुन्हा तेच. पुन्हा ती पुढे झाली होती, आणि पुन्हा तो मागे सुरक्षित उभा होता. कारकून ऐकत होते. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसला असता तर तिच्याच तोंडून तो सुटला होता, आणि कुणी काही म्हटलं नसतं.

"नाही," चन्नवीर म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. त्याने पुन्हा म्हटलं. "नाही, साहेब. हिनं हात पसरला नाही. मी हिला भिकारीण म्हणालो. हिचे चौऱ्याऐंशी रुपये माझ्या गल्ल्यात होते, अन् मी हिला दहा पैसे टाकले. तीनशे बारा रुपयांसाठी. लिहा."

कारकुनाने मानसिंगांकडे बघितलं. "हे पण लिहायचं, साहेब?"

"डबे कुणाचे तेवढं लिहा," मानसिंग म्हणाले.

"हे पण लिहा," चन्नवीर म्हणाला.

ते लिहिलं गेलं नाही. तसला रकाना त्या कागदात नव्हता. फुलाबाईचा अंगठा घेतला, चन्नवीरची सही घेतली, अर्ज नामंजूर झाला, पुढे दंड झाला, तो त्याने दोन हप्त्यांत भरला. हिंदुरावांवर पुढे काय आलं ते बार्शीवाल्यांना माहीत. पंत तीन रविवार आले नाहीत, चौथ्या रविवारी आले आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "यंदा हवा फार गरम झाली, नाही?"

गल्लीने आपलं कर्तव्य केलं. शिवप्पा मुद्दाम येऊन रिकाम्या चौकटीपुढे उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "दाजी, सरकार कुठपर्यंत आलंय?" मायाक्काने भावाला प्रथमच चहा विचारला नाही. चन्नवीरने ती चौकट काढून काच एका ट्रंकवाल्या गिऱ्हाइकाला आरसा करायला फुकट देऊन टाकली. पोरंटोरंसुद्धा काही दिवस "बार्शीचा डबा मजबूत असतो" म्हणत हिंडली. हे वाक्य त्यांना कुणी पुरवलं ते विचारू नये. शेजारधर्मात काही गोष्टी झाकाव्या लागतात.

त्याला या सगळ्याचं फारसं लागलं नाही. चिडवणाऱ्यांना वाटायचं, लाजला, लाजला. तो लाजलेला होताच, पण त्यांच्यामुळे नाही. कचेरीतून बाहेर आल्यावर त्याने फुलाबाईला विचारलं होतं, "आता येशील का?" त्याला वाटलं होतं ती "व्हय" म्हणेल, नाहीतर "न्हाय" म्हणेल. ती म्हणाली होती, "यीन. पर पैशे दुकानात घ्याची न्हाय मी."

"मग?"

"भाईर. रस्त्यावर. समदी बघत आसत्याल तितं. अन् किती डबं ते मोठ्यानं म्हना. तुमचा आवाज हाय की."

तेव्हापासून दर गुरुवारी, गिऱ्हाईक असो नसो, डब्यांची बाई आली की चन्नवीर मोगरी खाली ठेवतो, पायरी उतरतो आणि भर गल्लीत उभा राहतो. समोर फुलाबाई, चुंबळ काखेत, पदर मागे. "फुलाबाईंचे अडतीस डबे," तो म्हणतो, "शहात्तर रुपये." पहिल्या गुरुवारी त्याचा आवाज नीट फुटला नव्हता. फुलाबाई तशीच उभी राहिली, हात पुढे केला नाही. मायाक्का उंबऱ्यात येऊन बघत होती. भजीवाला बघत होता, समोरच्या गच्चीवरच्या बाया वाळवण सोडून बघत होत्या.

"ऐकू आलं न्हाय, मालक," फुलाबाई म्हणाली.

चन्नवीरचे कान लाल झाले. त्याने घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं, पार बाळी वेशीपर्यंत जाईल असं. मग तिने हात पुढे केला, आणि त्याने नोटा वरून न टाकता, वाकून, दोन्ही हातांनी तिच्या हातात ठेवल्या.